मुरण्याची हद्द

सिगारची जुनी पेटी सांभाळायला आली की झाकण उघडून मी आधी रंगांची रांग बघते. क्यूबातल्या कारखान्यात पेटी भरताना सिगारी रंगावरून लावतात. सगळ्यांत गडद सिगार डावीकडे, मग प्रत्येक सिगार आधीच्या सिगारपेक्षा किंचित उजळ, आणि सगळ्यांत फिकी उजव्या टोकाला. फरक इतका बारीक असतो की नव्या माणसाला सगळ्या सारख्याच दिसतात. पण फिकट बाजूला मध्येच एखादी गडद सिगार आली, तर त्या पेटीत कुणाचा तरी हात गेलेला आहे हे नक्की. मग पेटी उलटी करायची. तळाच्या लाकडावर तापलेल्या छापाने अक्षरं उमटवलेली असतात. ‘तोतालमेन्ते आ मानो’, म्हणजे पूर्णपणे हाताने वळलेली, हे शब्द १९८९ पासून आले, त्यामुळे ते नसतील तर पेटी त्याहून जुनी. शेजारी शाईचा शिक्का असतो: कारखान्याची तीन अक्षरं, महिन्याची तीन अक्षरं, वर्षाचे दोन आकडे. १९८५ नंतरच्या बऱ्याच पेट्यांवर तारीखही गुप्त लिपीत आहे. ‘निवेल अकुसो’ या दोन शब्दांतली दहा अक्षरं म्हणजे एक ते नऊ आणि शेवटी शून्य. हे कोष्टक आता मला वहीत बघावं लागत नाही.

लंडनमधल्या सिगारच्या एका दुकानाचं तळघर माझ्याकडे आहे. गिऱ्हाइकांनी विकत घेतलेल्या पेट्या दुकानदाराने आपल्याकडे ठेवून मुरू द्यायच्या आणि मागतील तेव्हा काढून द्यायच्या, ही इथली जुनी रीत. सेंट जेम्स स्ट्रीटवर आज जे. जे. फॉक्स नावाचं दुकान आहे, ते पूर्वी रॉबर्ट लुइस होतं, आणि तिथे विन्स्टन चर्चिलचं खातं १९०० साली उघडलं गेलं. आमचं दुकान इतकं नामांकित नाही, पण काम तेच. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंद जागेत धूम्रपानाला बंदी आली, तेव्हा खास तंबाखूच्या दुकानांना चव घेऊन पाहण्यापुरती सवलत ठेवली गेली. म्हणून वरच्या मजल्यावर दोन खुर्च्या आहेत, आणि तळघरातली एखादी पेटी तयार झाली की नाही, ते मला तिथे बसून ठरवता येतं.

या तळघरात हरतऱ्हेची सिगार आहे, पण माझा जीव गडद पानाच्या सिगारींवर आहे. क्यूबात अशा सिगारी फार नाहीत. निकाराग्वा आणि होंडुरासच्या कंपन्यांनी काळ्या वेष्टनाच्या सिगारींचा बाजारच उभा केला. क्यूबाचा कल मात्र तपकिरी, मध्यम रंगाच्या पानाकडे राहिला. २००० साली ‘एदिसिओन लिमितादा’, म्हणजे मर्यादित आवृत्ती, ही मालिका सुरू झाली. सोनेरी अक्षरांची जादा काळी पट्टी ही तिची खूण, आणि वेष्टनाला किमान दोन वर्षं मुरवलेलं गडद पान. २००७ पासून त्या मालिकेतली आतली पानंही दोन वर्षं मुरवायची, असं ठरलं. त्याच २००७ मध्ये कोहिबाने ‘मादुरो ५’ आणली: सेक्रेतोस, माहिकोस आणि हेनिओस अशा तीन आकारांत, वेष्टनाचं पान पाच वर्षं मुरवलेलं. पुढे पार्तागासनेही मादुरो काढली. माझ्या जबाबदारीतला काळा माल मुख्यतः या तीन मालिकांतला.

हा काळेपणा येतो कुठून, हे गिऱ्हाईक नेहमी विचारतं, आणि या प्रश्नाचं उत्तर मी कधी घाईत देत नाही, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पिनार देल रिओ प्रांतात व्हुएल्ता आबाहो नावाचा भाग आहे. सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेस ही त्यातली गावं. तिथे वेष्टनाच्या पानाचं पीक पातळ कापडाच्या मांडवाखाली घेतात, म्हणजे ऊन गाळून येतं आणि पान मोठं, पातळ, गुळगुळीत निघतं. तोडणी खालून वर करतात. एकेका वेळी दोन-तीन पानं खुडायची, काही दिवस झाडाला विसावा द्यायचा, मग वरची. अगदी शेंड्याची पानं सर्वांत शेवटी निघतात. त्यांना ऊन जास्त मिळालेलं असतं, ती जाड असतात, त्यांच्यात तेल जास्त असतं. तीच पानं गडद होतात. मग ती वाळवणघरात आडव्या काठ्यांवर टांगून सुमारे पन्नास दिवस वाळतात, थप्पीत घालून आंबवतात, आणि पुढे राजताडाच्या सोपटात बांधलेल्या गाठोड्यांमध्ये पडून राहतात. वेष्टनाच्या पानाच्या थप्पीतली ऊब पस्तीस अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. ती चढली की थप्पी मोडून पुन्हा रचायची. म्हणजे हा रंग झाडाच्या शेंड्यावर सुरू होतो आणि थप्पीत व गाठोड्यात पुरा होतो. पान उकडून किंवा वाफ देऊन पटकन काळं करता येतं, काही देशांत करतातही, पण ते पान पुढे मुरत नाही. त्याच्यात मुरण्यासारखं उरलेलंच नसतं.

माझं माहेर निपाणीचं. तिथे बिडीची तंबाखू. जात वेगळी, उपयोग वेगळा, आणि माझ्या आजीच्या हाताखालून गेलेल्या पोत्यांचा हवानाशी काही संबंध नव्हता. पण वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका मुठीत चिमूटभर घेऊन दाबायच्या आणि सोडायच्या. चुरा हातातच मोडला तर कोरडी, गोळा तसाच राहिला तर सादळलेली, हळूहळू उलगडला तर बरोबर. आजीने हे मला वखारीच्या दारात शिकवलं. ती धूळ त्या बायकांच्या छातीत कशी बसत होती, तेही मी पाहिलं. तंबाखूचं गुणगान करताना मला ते खोकणं बाजूला ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये असं मला वाटतं. दुकानात येणाऱ्या तरुण मुलांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही: धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. आणि तसा सोडला तरी तो निरुपद्रवी होत नाही.

आजीची मूठ इथे चालत नाही, कारण वळलेली सिगार दाबून पाहायची म्हणजे वेष्टन फोडायचं. इथे मी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये सिगार धरून, बुडापासून डोक्यापर्यंत अगदी हलका दाब देत जाते. पान दबून परत वर यावं. दबलेलं तसंच राहिलं तर ओल जास्त, करकरलं तर कमी. हाताने कळतं ते यंत्राने पडताळायचं, आणि यंत्र मिठाने. आर्द्रतामापकाच्या काचेवरचा आकडा खरा आहे का, हे बघायला साधं स्वयंपाकाचं मीठ पुरतं. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी टाकून ओलसर रबडी करायची. मीठ विरघळता कामा नये. ते बूच आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत घालून दिवसभर ठेवायचं. पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार टक्के कमी दाखवतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवायचं. दर हिवाळ्याच्या तोंडावर मी सगळे मापक असे तपासते, कारण इमारतीची हीटिंग सुरू झाली की लंडनच्या हवेतला दमटपणा घरातल्या घरात नाहीसा होतो.

तळघरात तापमान १६ ते १८ अंश, आर्द्रता ६५ टक्के. काळ्या पानासाठी मी ६२-६३ वर ठेवते. बहुतेक पुस्तकांत ७० चा आकडा छापलेला असतो आणि नवी गिऱ्हाइकं तो पाठ करून येतात. ताज्या, रोजच्या सिगारीला तो चालेल. पण शेंड्याचं जाड पान ओल सावकाश घेतं आणि सावकाश सोडतं. ७० वर ठेवलेली गडद सिगार पेटवली की आतली भरण पुढे जळत जाते, वेष्टन मागे राहतं, आणि सिगारीत बोगदा तयार होतो. मग माणूस पुन्हा पुन्हा काडी लावतो, सिगार तापते, आणि मुरून आलेली गोडी करपून कडू होते. लोक म्हणतात, काळी सिगार कडू असते. माझ्या मते त्यांनी सिगार ओली ओढलेली असते.

पेट्या सिड्रेलाच्या लाकडाच्या असतात. बाजारात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते देवदाराचं नातेवाईक नाही. ते कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे. कडुनिंबाचं नाव काढलं की आपल्या माणसाला वाटतं की मग कीड लागायची नाही. थोडाफार उपयोग होत असेलही, पण मी त्यावर विसंबत नाही. सिगारीला लागणारा तो बारीक तपकिरी भुंगेरा आणि सांगलीकडे साठवणीच्या हळदीत निघतो तो, दोन्ही एकच. हवा उबदार झाली, २३-२४ अंशांच्या पुढे गेली, की अंडी फुटतात, आणि वेष्टनावर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसलं म्हणजे काम झालेलं असतं. अलीकडच्या काळात क्यूबातून माल बाहेर पडण्याआधीच तो गोठवतात. जुन्या पेट्यांवर तो संस्कार झालेला असेलच असं नाही. म्हणून बाहेरून आलेली जुनी पेटी मी तळघरात थेट नेत नाही. दोन पिशव्यांत बंद करून उणे वीस अंशांवर काही दिवस, मग साध्या फ्रिजमध्ये दिवसभर, मग बाहेर. मधली पायरी गाळली तर पान तडकतं, आणि तडकलेलं पान कुणी सांधून देत नाही.

बुरशीचंही सांगायला हवं. जुन्या सिगारीवर पांढरी भुकटी दिसली की तेल बाहेर येऊन साखरेसारखं जमलंय आणि हे उत्तम मुरल्याचं लक्षण आहे, असा समज अजून घट्ट आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या पेट्यांत भिंगाखाली धरल्यावर त्या पांढऱ्यात जवळपास दर वेळी तंतूच दिसले. वेष्टनावरची कोरडी, वरवरची बुरशी मऊ ब्रशने झाडता येते. कापलेल्या बुडावर आत शिरलेली असेल तर ती सिगार टाकायची, कितीही किमतीची असली तरी.

चव घ्यायला मी सकाळचा वेळ ठेवते. साधं पाणी, आणि आधी तिखट काही नाही. नमुना म्हणून काढलेली सिगार तीन-चार दिवस आधीच उघड्या लाकडी ट्रेमध्ये ठेवून थोडी कोरडी करते. डोक्याची टोपी कापली की न पेटवता एकदा ओढून बघायचं. वेष्टनाची चव ओठांवर आणि भरणीची चव जिभेवर येते, आणि पेटवल्यावर काय होणार याचा बराचसा अंदाज इथेच बांधता येतो.

मागच्या हिवाळ्यात पार्तागासच्या सेरिए डी नंबर ३ ची एक पेटी तपासायची होती. ही सिगार मर्यादित आवृत्तीत २००१ साली आली आणि २००६ मध्ये पुन्हा काढली. ही पेटी २००६ ची. १४३ मिलिमीटर लांब, जाडी ४६ रिंग गेज, म्हणजे आजच्या जाडजूड फॅशनच्या मानाने सडपातळ. वेष्टन भाजल्या कॉफीच्या बीसारखं, शिरा ठसठशीत, आणि उजेडात धरलं तर अजूनही तेलाची चमक. कोरड्या ओढीत मनुका आणि जुन्या लाकडाचा वास. पेटवल्यावर पहिल्या इंचात मी नेहमी एकच गोष्ट शोधते: नाकात झोंबणारा अमोनिया उरलाय का. सिगार वळून झाल्यावर पहिले काही महिने आतली ओल आणि आंबण्याची क्रिया यांमुळे तो असतो, नीट ठेवली तर निघून जातो. इथे त्याचा मागमूसही नव्हता. काकवी, कडसर कोको, मग अर्ध्यानंतर चामड्याचा आणि ओल्या मातीचा एक जडपणा, जो पार्तागासच्या नव्या सिगारीत मिऱ्यासारखा अंगावर येतो आणि इथे घशाच्या मागे शांतपणे पसरला. थोडा धूर नाकावाटे सोडला, तेव्हा ठसका लागला नाही. राख पांढुरकी, घट्ट. शेवटचा तिसरा भाग मात्र मला रुचला नाही. तिथे चव वाढायला हवी, ती सपाट होत गेली. गोडी होती, खोली नव्हती. मी त्या पेटीच्या कार्डावर लिहिलं: ‘पुढे ठेवू नये.’

या तीन शब्दांसाठी मी हे काम करते, असं म्हटलं तरी चालेल. हाँगकाँगच्या मिन रॉन नी यांनी २००३ साली क्रांतीनंतरच्या हवाना सिगारींचा मोठा सचित्र कोश काढला, आणि सिगार किती टप्प्यांतून मुरते याची नीट मांडणी आमच्या धंद्याला मिळाली. त्या ग्रंथामुळे लोक थांबायला शिकले, हे चांगलं झालं. पण थांबण्यालाही हद्द आहे, हे फारसं कुणाच्या मनावर ठसलं नाही. मुरताना सिगारीतून अमोनिया जातो, निकोटीनचा जोर उतरतो, कडूपणा बसतो. त्याच वाटेने, त्याच हवेतून, सुवासही हळूहळू जात असतो. गडद पानाच्या सिगारी जाड आणि तेलकट असल्यामुळे जास्त टिकतात, हे खरं. पण ‘मादुरो ५’मध्ये वेष्टनाचं पान पाच वर्षं आधीच मुरवलेलं असतं आणि आतलं भरणीचं पान तुलनेने तरुण. ही दोन पानं एका वेगाने पुढे जात नाहीत. वेष्टनाची गोडी उतरायला लागते तेव्हा भरण कुठे जेमतेम जागेवर येत असते. दोन्ही जुळतात तो काळ काही वर्षांचाच. तो कधी येतो, ते शिक्क्यावर लिहिलेलं नसतं. पेटीतली एक सिगार खर्ची घातल्याशिवाय ते समजत नाही, आणि नेमकी तीच खर्ची घालायला लोक तयार नसतात.

आमच्याकडे साताऱ्याकडचे एक निवृत्त इंजिनियर येतात. मी त्यांना काका म्हणते, ते मला ‘पोरी’. कोहिबा हेनिओसची पहिल्या वर्षातली पंचवीसची पेटी त्यांनी घेतली आणि आमच्याकडे ठेवली. दर दिवाळीच्या सुमारास येतात, पेटी मागवतात, झाकण उघडून वास घेतात, आणि परत ठेवायला सांगतात. गेल्या खेपेस मी म्हटलं, “काका, आज एक काढूया.”

“अगं, अजून मुरतीय की ती. राहू दे.”

“मुरून झालं, काका. माझं ऐका. मला एक द्या, अर्धी तुम्ही ओढा, अर्धी मी. नाही पटलं तर पुन्हा विषय काढणार नाही.”

त्यांनी बराच वेळ पेटीकडे बघितलं. मग म्हणाले, “पंचविसाची पेटी फोडली की चोवीस राहतात.”

“आणि न फोडता ठेवली तर कधीतरी पंचवीस काड्या राहतील.”

आम्ही ती कापली. नवी असताना ही सिगार मला कधीच आवडली नव्हती. वेष्टन जाड, वाकडं जळणारं, आणि त्याची चव भरणीवर नुसती थापलेली. आता धुराच्या वासात ते वेगळेपण उरलं नव्हतं. कॉफी, खारीक, थोडा मध, आणि शेवटच्या बोटभर तुकड्यापर्यंत चव चढत गेली, असं काका म्हणाले. काकांनी अर्धी सिगार ओढून झाल्यावर मला दिली नाही. त्यांनी ती पूर्ण ओढली, आणि मी मागितली नाही. मग त्यांनी विचारलं, दर महिन्याला एक घेतली तर चालेल का. मी म्हटलं, चालेल, पण दोन वर्षांत संपवा.

२०२२ पासून हे सांगणं जास्त अवघड झालं. त्या वर्षी कोहिबाच्या किमती जगभर एकदम चढवल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये इयन वादळ पिनार देल रिओवरून गेलं आणि हजारो वाळवणघरं आडवी झाली. माल दुर्मीळ झाला, आणि ज्यांच्याकडे जुन्या पेट्या होत्या त्यांना एका रात्रीत त्यांत ठेव दिसायला लागली. लंडनमध्ये जुन्या हवानांचे लिलाव होतात, तिथले आकडे लोक मला फोनवर दाखवतात. मला त्या आकड्यांचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. सीलबंद पेटीला भाव जास्त मिळतो, म्हणून पेटी उघडत नाहीत. उघडत नाहीत म्हणून आत काय चाललंय ते कुणाला ठाऊक नसतं. ज्या बाईने व्हुएल्ता आबाहोत एकेक पान छटेनुसार निवडलं, ज्याने बाकड्यावर बसून ते वळलं, त्यांच्या हातचं काम एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरत राहतं आणि त्याची चव कुणीच घेत नाही.

वारस येतात तेव्हा हे सर्वांत स्पष्ट दिसतं. वडील गेले, खात्यावर पेट्या निघाल्या, मुलगी चावी घेऊन आली. तिला सिगारीतलं काही ठाऊक नसतं आणि ओढायचीही नसते. अलीकडे आलेल्या एका मुलीबरोबर मी दुपारभर बसले. सात पेट्या होत्या. दोन मर्यादित आवृत्तीच्या, २००३ च्या, सील न फोडलेल्या. तिच्या परवानगीने दोन्ही फोडल्या. एकीतली सिगार नाकाला लावली तेव्हा फक्त लाकडाचा वास आला, तंबाखूचा जवळजवळ नाहीच. दुसरी अजून जिवंत होती. मी तिला सांगितलं की पहिली पेटी विकू नका, घेणाऱ्याची फसवणूक होईल. दुसरीतल्या सिगारी वडिलांच्या मित्रांना वाटा, या हिवाळ्यातच, आणि देण्याआधी आठवडाभर माझ्याकडे कोरड्या करायला ठेवा. उरलेल्या पाचांपैकी पार्तागास मादुरो २०१५ नंतरची आहे. तिला मी आणखी चार वर्षं दिली आहेत आणि कार्डावर तारीख घातली आहे. त्या तारखेला तिने यावं, नाही आली तर मी फोन करीन.